मातीच्या माणसांची निजानीज

१२ एप्रिल १९८८, लखनौ
साहेबांनी पुन्हा नाही म्हटलं. म्युझियममधल्या मातीच्या मूर्तींच्या कपाटाला पुढून पितळी पट्टी लावू द्या, एवढंच मागणं. "मॅडम, शोकेस है, जेल नहीं." मग नेहमीचं, "लखनऊ में भूकंप कहाँ आता है?" कऱ्हाडला तरी कुठे येत होता! कोयनेच्या वेळी आईची मांडणी भांड्यांसकट पालथी झाली, तो आवाज अजून कानातून जात नाही. शेवटी मेणावर तडजोड. प्रत्येक मूर्तीच्या पायाखाली गोळी. दिसत नाही म्हणून चालतं.

१६ एप्रिल
घरातले डबेही फळीला नायलॉनच्या दोरीने बांधले. हे म्हणाले, "पळून चाललेत का?" मिलिंद वैतागला, "आई, चीनी कैसे निकालूँ?" पोरगं मराठीत बोलेल तर शपथ. हसा म्हणावं दोघांनी.

२४ मे
लू, इथला तो भाजणारा वारा. दुपारभर वीज नाही, म्युझियमच्या गॅलरीची भट्टी. मेण पातळ झालं. माझा लाडका मातीचा भिश्ती, पाठीवरच्या पखालीसकट, काचेला टेकलेला. तळव्याला तेलकट डाग, मातीने मेण पिऊन टाकलं. कऱ्हाडच्या डोक्याने लखनौचा उन्हाळा मोजला मी. मूर्ख! साहेब ओरडले नाहीत. नुसतं "निकालिए सब." तेच जास्त लागलं.

२० जून
मलिहाबादहून दशहरी आले. आंबे संपले, पेट्या आणि पेंढा उरला. त्यावरून सुचलं. रोज बंद करताना मी आणि गॅलरीचे काज़िमभाई मूर्ती पेट्यांत आडव्या करतो, सकाळी उभ्या. साहेब, "दिन में खड़े दिखने चाहिए, बस." निघताना काज़िमभाई विचारतात, "सब सो गए?" हसू येतं.

५ ऑगस्ट
दिवसा हललं तर? यांना विचारलं. "मग तू हात पसरून उभी राहा." जेवले नाही नीट.

२० ऑगस्ट, शनि.
महाराष्ट्र मंडळात गणपतीची मीटिंग, लवकर निघाले. मोहरम चालू, काज़िमभाईंनाही मातमाच्या मजलिसची घाई. "आज अकेले सुला देंगे?" मी विचारलं. "हाँ हाँ, आप चलिए." खांद्याला पिशवी अडकवलेली होती त्यांनी. थांबायला हवं होतं का?

२१ ऑगस्ट, रवि.
उजाडायच्या आत हललं. पलंग सरकला. डबे दोरीत खुळखुळले, एकही पडला नाही. मिलिंद "आई, ऊठ!" ओरडला, चक्क मराठीत. सगळी कॉलनी गल्लीत. आत आल्यावर हे दोरीला हात लावून उभे राहिले. चेष्टा नाही आज. मला रडूच कोसळलं.

चौकीदार फोन उचलत नाही. काज़िमभाईंकडे फोन नाही, आणि गॅलरीची चावी साहेब आल्यावरच मिळणार. यांनी स्कूटर बाहेर काढून ठेवली आहे.

भिश्ती पेंढ्यात असेल. नाहीतर रात्री उभाच राहिला असेल वरच्या काचेच्या फळीवर, मेणाशिवाय.