पुढे ठेवलेलं ओझं

लिंबायत, सुरत
कानबाईच्या सणाआधीचा गुरुवार

प्रिय लखन,

अखाजीच्या सणाला तू आमरसाचं ताट तसंच ठेवून उठलास, त्यानंतर आपलं बोलणं नाही. मी फोन लावला, तू उचलला नाहीस. उचलला असतास तरी मी नेहमीसारखं 'सगळं बरं आहे' म्हणून मोकळा झालो असतो, म्हणून कागद घेऊन बसलो आहे. मायचा हात मोडला होता हे तुला प्लास्टर निघाल्यावर कळलं, तेही शेजारच्या सरलाबाईंच्या तोंडून. "दादा, मी भाऊ आहे की पाहुणा?" असं तू सगळ्यांदेखत विचारलंस. त्याचं उत्तर आता सुचलं आहे, पण ते ट्रॉलीच्या वाटेने आलं. म्हणून आधी ट्रॉलीचं वाच. मायचं शेवटी लिहितो. घाबरण्यासारखं काही नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

लूमवरची नोकरी सोडून मी जीपमागे ओढायची दोन चाकांची ट्रॉली घेतली, हे तुला ठाऊक आहे. इथल्या कारखान्यांतले कापडाचे ताके भरायचे आणि पलसाण्याला डाईंगमध्ये पोचवायचे. काम चांगलं, कुणाची पाळी नाही, कुणाचा भोंगा नाही. पण ट्रॉली काही केल्या नीट ओढली जाईना. गल्लीत गरीब गाईसारखी मागे यायची आणि हायवेला जीपने जरा वेग धरला की शेपूट हलवायला लागायची. आधी थोडी, मग अशी की जीपचं बूड तिच्याबरोबर डावी-उजवीकडे जायचं आणि स्टिअरिंग हातात राहायचं नाही. ब्रेक मारला की आणखीच बिथरायची. एकदा तर ती एवढी बाजूला झुकली की शेजारून जाणारा मोटरसायकलवाला थोडक्यात वाचला. त्याच्या पुढे टाकीवर पोर बसलेलं, मागे बायको. त्या संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना माझी काडी तीनदा विझली. मी तुझ्या सुषमावहिनीला म्हटलं, कुणाचा जीव घेण्यापेक्षा ही विकतो आणि परत लूमवर उभा राहतो. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला लूमवर कोण उभं करणार, हे दोघांनाही माहीत होतं.

मग पोपट मिस्त्रीच्या गॅरेजच्या चकरा सुरू झाल्या. चाकांत हवा कमी असेल म्हणून हवा भरली. जॅक लावून चाकं फिरवून पाहिली, बेअरिंगला नवं ग्रीस दिलं. हुकाची पिन सैल होती, ती बदलली. एक्सल तिरपा बसला असेल म्हणून दांड्याच्या टोकापासून दोन्ही चाकांपर्यंत सुतळी धरून मोजलं, अंतर सारखं भरलं. स्प्रिंगचे पाटे ठीक, नट ठीक. पोपट स्वतः शेजारी बसून पलसाण्यापर्यंत आला आणि हायवेला ट्रॉली नाचायला लागल्यावर दार घट्ट धरून म्हणाला, "काका, तमारी ट्रॉली तो गरबा रमे छे! नवरात्रीत भाड्याने द्या." ताके उतरवून परत येताना मात्र ट्रॉली रिकामी होती आणि ती अगदी सरळ आली. आम्ही दोघांनीही ते पाहिलं आणि दोघांच्याही डोक्यात काही शिरलं नाही.

शिरलं ते सुषमाच्या घरघंटीमुळे. तिच्या बहिणीने इच्छापोरला नवं घर घेतलं, म्हणून आमची पीठ दळायची जुनी घरघंटी तिला द्यायचं ठरलं. सोबत बाजरीची पोती आणि लोखंडी पलंग. मी नेहमीप्रमाणे जड ते मागे लावायला लागलो, तर सुषमा आडवीच झाली. म्हणाली, "माझी घंटी तुमच्या त्या नाचऱ्या शेपटीवर ठेवायची नाही. पुढच्या फळीला बांधा, काचेतून मला दिसली पाहिजे." बांधली. सगळा रस्ताभर ती मान मागे वळवून घंटीकडे बघत बसली. हजिऱ्याच्या रस्त्यावर मी वेग धरला आणि जपच करत होतो म्हण ना, पण मागून काही ओढ नाही, हेलकावा नाही. तीच म्हणाली, "आज ही देवळात निघाल्यासारखी शहाणी कशी चालतेय हो?" मी जीप कडेला घेतली, खाली उतरलो आणि ट्रॉलीकडे बघत उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी ताके भरताना जड गठ्ठे चाकांच्या जरा पुढे रचले. पलसाण्यापर्यंत एकदाही हलली नाही. तिसऱ्या दिवशी हावरटासारखं सगळंच पुढे कोंबलं, तर जीपचं बूड बसलं आणि स्टिअरिंग हलकं लागायला लागलं. थोडं मागे सरकवलं, जमलं. पोपटने ऐकलं तेव्हा कपाळावर हात मारला आणि चहा सांगितला.

आता माझी चूक काय होती ते बघ, कारण ती आपल्याच घरातून आलेली आहे. बैलगाडी भरताना आपले आबा सांगायचे, छगन, ओझं बैलाच्या मानेवर येऊ देऊ नको, मुकं जनावर आहे. ते माझ्या हाडात बसलंय. म्हणून ट्रॉली भरतानाही मी वजन मागे लोटायचो, दांडा एका हाताने उचलता आला की मनाला बरं वाटायचं. जीपची मान वाचवत होतो मी! पण आबांचं बोलणं तेवढंच नव्हतं रे. गाडी मागे जड झाली की उलाळ होते, जू वर उचललं जातं, गळ्याखालचं जोतं आवळतं आणि बैल गुदमरतो, हेही ते सांगायचे. मी अर्धंच धरून ठेवलं. गाडी उलाळ वाटली की ते काय करायचे, आठवतं? तू पेंढ्यांवर मागे लोळत असायचास. ते हाक मारायचे, "लखन, पुढे येऊन बस." मला वाटायचं, धाकट्याचे लाड चालले आहेत. लाड नव्हते ते. तुझं तेवढंसं वजन त्यांना पुढे हवं असायचं.

आणि आता मायचं. तिच्या गळ्याशी गाठ आली आहे. महिनाभर मी तिला दवाखान्यात नेतो आहे. सुईने तुकडा काढून तपासायला दिला होता, ते दिवस कसे गेले ते देवाला माहीत. आज सकाळी डॉक्टरांनी सांगितलं, गाठ साधी आहे, वाईट काही नाही, पण वाढते आहे म्हणून काढावी लागेल. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी रडलो. मायने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "लखनले सांगू नको, तो घोर करस." मी हो म्हणालो. आणि जीप घराकडे वळवताना रिकामी ट्रॉली मागे सरळ येताना दिसली, आबांची हाक आठवली, तेव्हा ठरवलं की या वेळी मायचं ऐकायचं नाही. ऑपरेशन कानबाई बोळवल्यावर करायचं आहे. अजून तारीख घेतलेली नाही, मुद्दामच. डॉक्टरांना तू भेट, काय विचारायचं ते विचार, तारीख आपण दोघांनी मिळून ठरवू. दवाखान्यात रात्री तू मायजवळ बस, मी दिवसा बसतो. बरी झाली की ती दिवाळीपर्यंत दोंडाईच्याला तुझ्याकडे राहील. कानबाईच्या रोटांसाठी सुषमाने घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढले, त्यात तुझेही आहेत. तू भाऊ आहेस की पाहुणा, विचारलंस ना? मी तुझी मान वाचवत राहिलो आणि गळा आवळत गेला, तुझाही आणि माझाही. दुकानाला चार दिवस कुलूप लाव, मिळेल ती गाडी पकड. लखन, पुढे येऊन बस.

तुझाच, वाट बघणारा
छगनदादा