छर्रातोफेचा पल्ला

रविवार, ५ जानेवारी २०२५

आज सकाळी आंघोळ केली, बिरोबाच्या तसबिरीपुढे दिवा लावला, दुकान उघडलं आणि पहिलं काम काय केलं — तर गेममधल्या छर्रातोफेचा पल्ला निम्म्यानं तोडला. चहा येईपर्यंत परत होता तसा करून ठेवला! हल्ली दर रविवारी हेच.

संध्याकाळी खेळायला चौघंच. सिद्धू जिंकला. बाकीचे पटापट खेळातून बाहेर पडले.

सोमवार, ६ जानेवारी

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. बसल्या बसल्या जुनं आठवलं.

आता इथं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. पण तेव्हा साताऱ्यातलं हेच दुकान म्हणजे कॉम्प्युटरचं कॅफे होतं. कॉलेज सुटलं की पोरं यंत्रमानवांच्या लढाईच्या गेमवर तुटून पडायची. एकेक यंत्रमानव गावच्या पाण्याच्या टाकीएवढा! खांद्यावर तोफा. एका रांगेतून दुसऱ्या रांगेत आरडाओरडा — "पळतोस काय रं शेळपटा!" माझा लहानपणचा सोबती सिद्धू पलटणीतून सुट्टीवर आला की सगळ्यांत मोठा आवाज त्याचा. निम्म्या शिव्या हिंदीत. हरला की खुर्ची मागं ढकलायचा आणि सगळ्यांना भडंग द्यायचा. जिंकला की मात्र एक दाणा नाही.

गेम काढणारी कंपनी केव्हाच बंद झाली. पण ज्याच्या मशीनवर खेळ चालतो त्याला हत्यारांचे आकडे बदलता येतात. ते मशीन माझं. रविवारी संध्याकाळी जुनी मंडळी आपापल्या घरून त्यावर येतात, कानाला हेडफोन लावून. तोफेत किती जोर, किती पल्ला — मी ठरवीन ते. सगळे म्हणतात, "अमृतभाऊ करतील ते खरं." देवानं कुणाला काय काम लावावं!

गुरुवार, ९ जानेवारी

सांगलीहून राणीचा फोन. भावाचं बोट धरून कॅफेत यायची, आता बँकेत आहे.

"भाऊ, रागावू नका. पण डोंगराच्या पार टोकावरनं छर्रं येत्यात आन् माझा यंत्रमानव आडवा, ह्याला काय अर्थ हाय? छर्रं जवळच्यासाठी असत्यात न्हवं?"

म्हटलं, सिद्धूचं तुला माहीत आहे.

"म्हाईत हाय, म्हणूनच गप बसले. आपल्यातल्या जयराजनं खेळणं सोडलं. आता मीबी येत न्हाई बघा."

तिचं खोटं नाही. तीन वर्षांपूर्वी सिद्धूच्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, पण उजवा हात थरथरतो, नेम धरवत नाही. कोयनानगरला घरात बसून असतो. तेव्हा रेश्मावहिनी म्हणाल्या होत्या, "भावजी, रविवारचा खेळ असतोय म्हणून ह्ये उठून दाढी करत्यात." मग मी छर्रातोफेचं तोंड रुंद केलं. नेम लागत नाही, नुसतं तिकडं तोंड करायचं. आणि छर्रे कितीही लांब गेले तरी जोर तोच ठेवला. सगळ्यांना सांगूनच केलं. सगळे हौसेनं हो म्हणाले.

आता तोफ तोडावी तर सिद्धू हरणार, आणि हरून हरून उठायचंच सोडलं तर? नाही तोडावी, तर त्याच्याशी खेळायला राहणार कोण?

रविवार, १२ जानेवारी

तिघंच. सिद्धू जिंकला.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. म्हसवडच्या एसटीनं आमच्या वस्तीवर गेलो. बिरोबाला कौल लावला. असल्या गोष्टीसाठी लावावा का, वाटलं — पण देवाला मोठं-लहान काय?

पुजारी बिराप्पा, माझा चुलतभाऊ. त्यानं देवाला दोन्हीकडून ओली फुलं चिकटवली. मी डोळे मिटून मनात म्हटलं, तोडू का ठेवू? बऱ्याच वेळानं उजवं फूल पडलं.

"दिला कौल! काय इचारलंवतंस?"

"तोडू का ठेवू."

"आरं खुळ्या! एका कौलात दोन? उजवं कशाचं, डावं कशाचं, ह्ये आधी बोलायचं असतंय!"

"मग परत लाव."

"देवाला काय सारखं सारखं टोकतोस? त्यानं तुझ्यावरच सोडलंय. तीळगूळ खा आन् जा."

एसटीत एकटाच हसत होतो.

शनिवार, १८ जानेवारी

वस्तीवरचा माळ डोळ्यांपुढून हलत नाही.

लहानपणी मेंढरांमागं मी आणि सिद्धू. लांडगा दिसला की मी गोफणीत एकच धोंडा घालून लांबूनच फिरवायचो. सिद्धू मूठभर बारीक खडे घालायचा. लांबून मारले तर ते नुसते मातीत सांडायचे. म्हणून तो पळत पुढं जायचा — लांडग्याचे दात दिसतील एवढा जवळ! मग सोडायचा. माझे वडील ओरडायचे, "मागं फिर रं, मुडद्या!" तो फिरायचा नाही.

आणि त्याच सिद्धूला मी तीन वर्षं डोंगराच्या टोकावर बसवून ठेवलंय.

तोंड रुंदच राहू दे. पण छर्रे लांब गेले की जोर संपला पाहिजे, गोफणीतल्या खड्यांसारखा.

सिद्धूला फोन करून सांगितलं. "बरं," एवढंच म्हणाला. ठेवला. राणीला मात्र सांगितलं — उद्या ये.

रविवार, १९ जानेवारी

सकाळी पल्ला तोडला. चहा आला, पिऊन झाला. परत हात लावला नाही.

संध्याकाळी सिद्धू टोकावरून मारत राहिला. काहीच होईना. शेवटी राणीच बोलली — "सिद्धूमामा, तिथनं काय रांगोळी घालताय? या की खाली, का भ्या वाटतंय?"

मी हेडफोन कानावर दाबला.

"थांब गं भवाने! आलोच!"

आला. मरेपर्यंत पुढं येत राहिला. चार वेळा हरला, एकदा राणीला जवळून आडवं केलं.

मग त्याचा फोन. "गड्या, तीन वर्षं झाली, मला कुणी टोचून बोललं न्हवतं. वाटायचं, मी मेलोय आन् तुमी दुखवट्याला आलाय." मग म्हणाला, "भडंग पाठवतो. हरलोय न्हवं."

तोफ आता अशीच राहील.