घळीकडे नेणाऱ्या राशी

४ नोव्हेंबर
पोचले एकदाची! राष्ट्रीय उद्यानात वनरक्षक म्हणून पहिलीच नेमणूक, आणि तीही थेट दरीच्या तळाला. उतरताना गुडघ्यांनी माझा पुरता उद्धार केला, पण काय ती दरी! तांबडे, पिवळे, जांभळे कडे एकावर एक चढलेले आणि खाली गढूळ नदी. चौकीत दोन खोल्या, लोखंडी खाटा, स्टोव्ह, वायरलेस आणि आमचे मुकादम. शब्दामागे जकात भरावी लागते असं मोजकं बोलतात. काम सोपं आहे. पायवाट जिथे फुटते तिथे दगडांच्या राशी रचून लोकांना खरी वाट दाखवायची.

पुढच्या आठवड्यात धाकटा भाऊ येतोय, आमचं शेंडेफळ. आयुष्यात पहिल्यांदा एकटा चालणार. त्याचा केससुद्धा वाकडा झाला तर घराची पायरी चढू नकोस, असं आईने मला बजावलंय.

६ नोव्हेंबर
डोकं फिरलंय. नदीच्या वळणावरून कुणीतरी राशींची ओळ रचत नेलीय, थेट एका घळीत! दोन कडे जेमतेम दाराएवढे फाकलेत, पुढे वाट नाही की काही नाही. रिकामटेकडे पर्यटक, दुसरं कोण. मुकादमांनी त्या ओळीवर नुसती काट्याची फांदी आडवी टाकलेली. पाडत का नाही, विचारलं. म्हणाले, इथे कुणी पाडत नाही, फांदी टाकायची आणि परत फिरायचं. का, म्हटलं तर पाठ फिरवून चालू लागले.

खोटी रास जीव घेते, हे आम्हाला प्रशिक्षणात पहिल्या दिवशी शिकवलंय. सगळ्या लाथेने उडवल्या. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

७ नोव्हेंबर
परत रचल्यात! कालच्यापेक्षा नीटनेटक्या. मुकादमांनी पाहिल्या आणि माझ्यावरच उखडले, हे शहाणपण तुला कुणी सांगितलं होतं म्हणून. म्हणे, पाडलं की ते परत रचलं जातं, आणि रचायला त्यांना माणसं लागतात. ‘त्यांना’ म्हणजे कुणाला, ते नाही सांगितलं. अर्धवट बोलणाऱ्या माणसाची मला भयंकर चीड येते. त्यांच्या डोळ्यांदेखत पुन्हा उडवल्या.

आता माझ्या प्रत्येक राशीच्या माथ्यावर नदीतला पांढरा गोटा ठेवतेय. बघू कोण फसवतं ते.

१० नोव्हेंबर
भाऊ वरच्या कार्यालयात पोचला. वायरलेसवर बोललो. सकाळी उतरायला लागेल. त्याला खडसावून सांगितलं, डोकं चालवू नकोस, पांढरा माथा दिसेल तिकडेच चल. तो हसला, ‘हो गं ताई’ म्हणाला.

राशी आजही पाडल्या. रोज पाडणार. मुकादमांनी माझ्याशी बोलणं सोडलंय, आनंद आहे.

११ नोव्हेंबर, दुपार
घळीकडच्या सगळ्या राशींवर पांढरे गोटे आहेत.

आणि सरळ वाटेवरच्या माझ्या राशी नाहीत. एकही नाही. जमीन साफ. मुकादमांची गचांडी धरायला धावले, पण ते सकाळपासून चौकीतच होते, मीच पाहत होते त्यांना. भावाच्या मागून निघालेली, नेहमी ये-जा करणारी माणसं मात्र येऊन बसलीत, चहा पिताहेत. रोजच्या वाटेने आली म्हणे, खुणा बघायची गरजच पडली नाही.

तो नाही आला.

११, नंतर
फांदी बाजूला सारलेली. त्याच्या बुटांचे ठसे आत गेलेत. बाहेर येणारे नाहीत. मुकादम घळीच्या तोंडाशीच थांबले, रडायला लागले. हे आधी धड सांगता येत नव्हतं? वाट्टेल ते बोलले त्यांना. स्वतःलाही.
आत जातेय.

घळीत
सापडला. जिवंत आहे — पाठमोरा बसून दगड रचतोय. शेजारी आणखी माणसं, रांगेने. पाठीवर पिशव्या, काहींच्या कुजून फाटल्यात. कुणी वळून बघत नाही.

ओरडले, ऊठ गाढवा, आई वाट बघतेय. दंड धरून ओढलं. हलत नाही. म्हणतो, ताई, तू पाडलेल्या अजून खूप राहिल्यात गं, बस, हात लाव जरा.

बसले. का बसले? —

पाय उठत नाहीत. लिहितेय म्हणजे उजवा हात तरी माझा राहील. डाव्याने कधीच दगड उचललाय, मी नाही सांगितलं त्याला —

राग धरून ठेवायला हवा. मुकादमांवर. दगडांवर. माझ्यावर — येत नाहीये. राग येतच नाहीये. किती शांत वाटतंय इथे, आई, मला हे नको, मला राग

त्याने जागा करून दिली. म्हणाला, ताई, ती वही खाली ठेव, दोन्ही हात ला