शेजारची सीट

४ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला पाण्याचा पंप मिळाला. बाबांनी तो चष्मा लावून पाहिला, चष्मा काढून पाहिला, उन्हात नेऊन पाहिला आणि जाहीर केलं की भोकं जुळत नाहीत. हा तिसरा. म्हणजे गाडी अजून ठोकळ्यांवरच. आता तू पुन्हा त्या दुकानदाराच्या डोक्यावर बस. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोन आईच्या उशाशी असतो, आणि तुझा आरडाओरडा ऐकून तिलाच धाप लागायची.

आई बरी आहे असं लिहायचा मोह होतो. डॉक्टरांनी वर्ष संपेपर्यंतची मुदत दिली होती, ती टळली, एवढंच. उशांना टेकून अर्धा तास बसते, तेवढ्यात मी तिची वेणी घालते. दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवशी तिने बाबांना सांगितलं होतं, तुमची ती म्हातारी एकदा चालू करा, तिच्यातून एक फेरी मारते, मग मी जायला मोकळी. आपण सगळे हसलो होतो. बाबा मात्र त्या दिवसापासून गाडीमागे हात धुऊन लागले आहेत. जन्मभर कचेरीत खुर्चीवर बसलेला माणूस आता जेवणापुरता गाडीखालून बाहेर येतो.

आमच्यावरची माया पार्सलात नाही मावली तर पत्रात घालून पाठव.

तुझी,
ताई


१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुकानदाराशी कडाडून भांडलो. बिचारा म्हणाला, तुमच्या वडिलांची गाडी जगात एकच असावी, तिला काहीच बसत नाही. जुना पंप नमुन्याला पाठवा म्हणतोय. बाबांना न विचारता शोधून पाठव, कारण विचारलंस तर ते म्हणतील, मी बघतो.

एखादा मेकॅनिक बोलवा असं सुचवणार होतो, पण घरचा नियम आठवला. ज्यानं खोललं, त्यानंच बसवायचं. लहानपणी मी भिंतीवरचं घड्याळ खोललं होतं, आठवतं? ते पुन्हा लागेपर्यंत बाबांनी मला जागचं उठू दिलं नाही, आणि तू शेजारी बसून घास भरवत होतीस. गाडीच्या कामात तर मला पाना कधी मिळालाच नाही. टॉर्च धरणं हे माझं खातं. उजेड जरा हलला की गाडीखालून ओरडा यायचा.

आईला सांग, मेमध्ये येतो आणि फेरीला मीही चढतो. मागे बसून तुझ्या खोड्या काढीन.

राग असला तरी थोडा लोभ बाजूला काढून ठेव.

तुझा,
बारक्या


२ मार्च

प्रिय बारक्या,
अनेक आशीर्वाद.

दुकानदाराची माफी माग. बाबा केस कापायला गेले होते तेव्हा मी जुना पंप शोधायला गॅरेजात गेले. ग्रीसच्या डब्यामागे तुझे दोन नवे पंप फडक्यात नीट गुंडाळून ठेवलेले सापडले. पहिला गाडीवर बसवलेला होता. मला मेकॅनिकी येत नाही, पण भोकं मोजता येतात. फडक्यातला पंप त्याच्याशेजारी धरून पाहिला. सगळी जुळतात.

बाबा परत आले तेव्हा मी तो हातात घेऊनच उभी होते. ते कितीतरी वेळ कोरडेच हात पुसत राहिले. मग म्हणाले, "ती म्हणालीय ना, फेरी झाली की मी मोकळी. मी फेरीच होऊ देत नाहीये." सकाळी जे बसवतात ते दुपारी पुन्हा सैल करतात. डॉक्टरांची मुदत टळली ती याचमुळे, असं त्यांना वाटतं. मी शिकलेली बाई, पण क्षणभर मलाही ते खरं वाटलं.

आईला सांगू नकोस म्हणून त्यांनी माझा हात धरला. पण रोज वेणी घालते ती मी. तिचं बसणं कमी होत चाललंय. आणखी महिनाभराने गाडी असेल आणि बसणारी नसेल. मी काय करू ते कळव.

तुझ्या धीराची वाट पाहणारी,
ताई


१० मार्च

चि. बारक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पडल्या पडल्या पेन्सिलीने लिहितेय, अक्षराला नावं ठेवू नकोस. ताई आठवडाभर माझी नजर चुकवतेय, म्हणजे तिलाही कळलंय. मला केव्हाच कळलं होतं. तुझ्या बाबांच्या गॅरेजात आणि माझ्या खोलीत एकच भिंत आहे, तीही एका विटेचीच. नट आवळताना ते 'हं' करतात. सैल करताना श्वासही वाजू देत नाहीत. सकाळी 'हं' ऐकू येतं, आणि दुपारी सगळे लवंडले की नुसती पान्याची कुरकुर.

मी बोलले नाही, कारण मला ते गोड वाटलं. एवढ्या संसारात त्यांनी माझं एक वाक्य इतकं मनावर घेतलं नव्हतं. साखर आणा म्हटलं तर मीठ आणणारा माणूस.

पण आता पाठ धरत नाही रे. मरणाची भीती वाटत नाही असं नाही, वाटते. त्याहून जास्त भीती याची वाटते की मी न फिरताच जाईन, आणि मग हे जन्मभर म्हणत राहतील की मीच तिला नेलं नाही. मेची वाट पाहू नकोस, आत्ताच ये. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांनी खोललेलं त्यांनाच बसवू दे. तू फक्त दुपारी गॅरेजात आडवा हो, म्हणजे त्यांचा हात चालणार नाही.

तुला पाहायला आसुसलेली,
आई


१ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. रजा संपली नसती तर हललो नसतो.

बाबांनी अखेर सगळं आवळून गाडी सुरू केली तेव्हा आईने भिंतीवर वाटी वाजवली, तो आवाज अजून कानात आहे. पण दारापर्यंत नेतानाच तिचे डोळे फिरले, आणि मी उचलून परत पलंगावर ठेवलं तेव्हा ती मलाच धीर देत होती. थोडासाच उशीर झाला, ताई. बाबा इंजिन बंद करायला गेले आणि किती तरी वेळ आतच बसून राहिले. निघताना पाया पडलो तेव्हा माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना एकटं सोडू नकोस.

इथून एवढंच मागतो.

तुझा,
बारक्या


९ एप्रिल

प्रिय बारक्या,
अनेक आशीर्वाद.

फेरी झाली. आधी तेच सांगते.

 काल सकाळी टेप घेऊन आले आणि आईच्या गादीचं माप घ्यायला लागले. आई म्हणाली, माप घेताय, फारच घाई झालेली दिसतेय. बाबा इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. मग त्यांनी गाडीतली ड्रायव्हरशेजारची सीट चार बोल्ट काढून सरळ बाहेर व्हरांड्यात ठेवली. त्या जागेपासून मागच्या सीटपर्यंत फळी टाकली, फळीवर गादी. आईचे पाय पुढे, डोकं मागे माझ्या मांडीवर.

तिला रस्ता दिसतच नव्हता. तारा, झाडांचे शेंडे, घरांचे वरचे मजले, गच्चीवरचे वाळत घातलेले कपडे. ती म्हणाली, इतकी वर्षं इथून भाजी आणली, वर कधी बघितलंच नाही. बाबा पायी चालणाऱ्याच्या वेगाने हाकत होते. मागचे हॉर्न वाजवून थकले. आपलं वळण आलं, बाबांनी घेतलं नाही. पुन्हा मोठी चक्कर, पुन्हा वळण, पुन्हा सरळ. मला आरशात त्यांचे डोळे दिसत होते. तिसऱ्यांदा वळण आलं तेव्हा आईने हात लांबवून त्यांच्या खांद्यावर ठेवला.

"अहो, झाली फेरी. आता घरी चला."

बाबांनी वळण घेतलं. रात्री ती चार घास जेवली. आज नुसती झोपून आहे. जमलं तर निघ.

ताई


२० मे

चि. बारक्यास,
आशीर्वाद.

पत्र लिहिणं हे तुझ्या आईचं काम होतं. मी फक्त खाली सही करायचो. सवय नाही, सांभाळून घे.

ती गेल्यावर तू राहून गेलास, त्यानंतर लिहिण्यासारखं विशेष काही नाही. ताई आपल्या घरी परतली, पण रोज येऊन जाते. गाडी उत्तम आहे. पंप थेंबभरही गळत नाही. त्या दुकानदाराला सांग, माल पहिल्यापासून चोख होता, म्हातारा खोटं बोलला.

एक काम अडलंय. शेजारची सीट अजून व्हरांड्यातच आहे. पेपरवाला आता पेपर तिच्यावरच टाकतो. तिचे चार बोल्ट माझ्या खिशात असतात. सदरा धुवायला टाकताना काढतो आणि दुसऱ्यात घालतो. रोज सकाळी सीट उचलून गाडीच्या दारापर्यंत नेतो. आत ती मोकळी जागा दिसते. तिथे सीट बसवली की गाडी पहिल्यासारखी होईल, आणि ते माझ्याच्यानं होत नाही.

मी खोलली आहे, तेव्हा नियमाने मीच बसवायला हवी. पण या वेळी नियम मोडू. तू ये. पाना तू घे.

मी टॉर्च धरतो.

तुझा,
बाबा