भिंगातून पाहिलेले दाणे

जिला नावाने हाक मारायचा हक्क मी घालवला, तिला,

आज शेवटी डॉक्टरांकडे गेलो. सहा वर्षांनी. त्यांनी लिंगावरचे ते पिवळट दाणे पाहिले आणि म्हणाले, "या तेलाच्या ग्रंथी आहेत. बऱ्याच पुरुषांना असतात, कुणाकडून लागत नाहीत. साध्या पाण्यानं धुवा, फोडू नका, मलमं चोळू नका. दुखलं, चिघळलं किंवा नवीन काही उठलं, तर या."

पाच मिनिटांत संपलं.

मी पडलो घड्याळजी. तेव्हा दुकानातलं भिंग डोळ्याला लावून ते दाणे बघत बसलो होतो. त्यातून केससुद्धा दोरखंड दिसतो. तुला विचारलं, "हे कुणाकडून आणलंस?" तू म्हणालीस, "चल, दोघंही तपासून घेऊ." मी ऐकलं नाही.

हे पत्र टाकणार नाही. तुझ्या नव्या घरी कुणाच्या हाती पडलं, तर पुन्हा तुलाच उत्तरं द्यावी लागतील.

मला सोडून जाताना तू दुकानात आलीस. भिंग माझ्या हातात ठेवून म्हणालीस, "एकदा यातून माझ्या तोंडाकडे बघ."

मी मान खाली घालून कुणाचं तरी घड्याळ उघडत राहिलो.

तुझा कुणीच नसलेला,
घड्याळजी