तुमच्या चिरंजीवांच्या बोटीचं तिकीट

आई,

मी आज बोटीवर जातेय, तुमच्या चिरंजीवांच्याच. पंधरा वर्षं ते परक्यांना समुद्रात नेऊन मासे दाखवतात आणि बायकोने मात्र किनाऱ्यावरून हात हलवायचा! म्हणून रीतसर तिकीटच काढलं. तोंडात नळी धरून श्वास घ्यायचा सराव आठवडाभर बादलीत केलाय. बाथरूममधला तो आवाज नळाचा नव्हता.

तुमचं जेवण झाकून ठेवलंय, गोळी ताटाशेजारी आहे. तिकिटातच जेवण आहे, मी बीच क्लबात आयतं जेवून संध्याकाळी येईन.

त्यांना फोन करू नका, माझी शपथ आहे. तीन आठवडे माझ्याशी बोलत नाहीयेत, तर नका बोलू म्हणावं. पण शिडीवरून पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाचा हात त्यांनाच धरावा लागतो.