दोन सायकलींची एक

रविवार, ४ मार्च

प्रिय उंटा,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागद काढला. वहिनी, पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, तेव्हा मोठ्यानं वाचा आणि त्यानं "पुरे" म्हटलं तरी थांबू नका.

आम्ही सगळे मजेत. वर्कशॉपमध्ये एका शाळेच्या जिन्याचे कठडे चालू आहेत. आत्या गुडघ्यांच्या नावानं बोटं मोडते आणि तरी सारखी माडीवर जाते. डोंगरी सायकलींच्या हंगामाची पहिली शर्यत पुढच्या महिन्यात आहे, आपल्या नेहमीच्या जंगलातल्या वाटेवर.

वाट परवा पाहून आलो. पुलानंतरचं वळण त्यांनी रुंद केलंय. झाडं तोडली नाहीत, नुसते दगड हलवलेत. मुळांचा तो उतार मात्र तसाच आहे, खाली दरी आ वासून. चालत गेलो होतो, तरी तो मी बसून बसून उतरलो.

चालत का, असं विचारशील. माझी सायकल दुरुस्तीला होती.

म्हणजे, दुरुस्तीला नव्हती. सांगतो, पण माझ्या क्रमानं सांगू दे.

त्या आजारानं तुझी नजर गेली, तेव्हा तू म्हणालास, "माझी सायकल कुणाला तरी देऊन टाक." मी ती आणून वर्कशॉपच्या भिंतीला टेकवली. न्यायला लोक आलेही. एकाला म्हटलं ब्रेक खराब आहेत, दुसऱ्याला म्हटलं सायकल उंच आहे, तुम्हाला झेपणार नाही. गेला अख्खा हंगाम मीही शर्यतीला गेलो नाही. एकट्यानं जाववेना.

मग एका दुपारी कटर घेतला आणि तुझी सायकल कापली.

वहिनी, वाचा, वाचा. आधी माझी कापली, मग त्याची. पुढचा भाग माझा, मागचा तुझा, मधे नवे पाइप. आता दोन सीटा, दोन हँडलं, चार पेडलं आणि सायकल एकच. इतकं जपून वेल्डिंग मी जन्मात केलं नव्हतं. ब्रेक आणि गिअर पुढच्याकडे. मागच्यानं नुसते पाय मारायचे आणि पुढच्याला शिव्या घालायच्या. दोन्ही तुला झकास जमतं.

चाचणी मी मागे बसून घेतली, डोळ्यांना फडकं बांधून. पुढे बायको. पहिल्याच खड्ड्याला मी किंचाळलो, "अगं, खड्डा आहे हे सांगायचं तरी!" तर म्हणते, "तू आहेस ना मागे, चाक आदळलं की तुला कळेलच की!" दुसऱ्या फेरीला मात्र तिची टकळी सुरू झाली: "चढ आला... डावीकडे... फांदी आहे, मान खाली!" आणि काय सांगू, मजा यायला लागली रे. तोंडावर वारा, चाकाखाली खडी वाजतेय, चढ तर मांड्यांनाच कळतो. बोलता बोलता ती एकदा चुकली आणि आम्ही थेट शेजाऱ्यांच्या कुंपणात. आत्या माडीवरून टाळ्या वाजवत होती. फडकं सोड म्हणून बायको मागे लागली, पण मला ते सोडवेना.

शर्यतीचे चिटणीस म्हणजे आपले दातांचे डॉक्टर. त्यांना विचारलं, एका सायकलवर दोघं चालतील का? नियम चाळून म्हणाले, "दोन चाकं हवीत असं लिहिलंय. माणसं किती, हे कुणी लिहिलेलंच नाही." मग मी नावं देऊन टाकली. दोघांची. तुला न विचारता.

उंटा, मला तुझी कीव आलेली नाही. कीव आली असती तर फळं घेऊन भेटायला आलो असतो. मला शर्यतीला जायचंय, आणि माझ्या सायकलीचा अर्धा भाग तुझा आहे. शनिवारी सकाळी घेऊन येतो. दार उघडलं नाहीस तर फाटकाशी घंटी वाजवत बसेन, मग शेजारपाजारच्यांशी तूच भांड.

तुझ्यावाचून अडलेला,
बुटका

*

गुरुवार, ८ मार्च

बुटक्या,

मी सांगतोय आणि ही लिहितेय. सायकल कापलीस हे ऐकलं आणि मी उठून आतल्या खोलीत गेलो. दिवसभर तिथल्या खुर्चीतून उठलो नाही. संध्याकाळी ही म्हणाली, "अहो, पाय का हलवताय?" खुर्चीत बसल्या बसल्या मी पेडल मारत होतो. मग मला जे हसू फुटलं ते आवरेना, आणि ही दारात उभी राहून रडायला लागली. या घरात बऱ्याच दिवसांत कुणी हसलं नव्हतं.

शनिवारी ये. वळण रुंद केलंय म्हणतोस, म्हणजे तिथे वेग कमी करायचं कारण उरलं नाही. मुळांच्या उतारावर डावी कड धर, उजवीकडे कायम ओल असते. आणि उगाच ब्रेक दाबलास तर मागून टपली बसेल. मला आता दरी दिसत नाही, तेव्हा घाबरायचं काम तुझ्या एकट्याकडे.

शर्यतीत पहिल्यांदाच तुझ्या मागे,
उंट